स्वायत्तता नेमकी कुणासाठी?

जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बॅप्टिस्ट चर्चच्या संघाचे वार्षिक अधिवेशन भरले होते. केंटकी राज्यातल्या फर्न क्रीक बॅप्टिस्ट चर्चच्या पाळक (पास्टर) लिंडा बार्न्स पॉपहॅम तिथे माइकसमोर उभ्या राहिल्या. १९९३ पासून त्या या मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, पाळक होत्या. स्त्री पाळक आहे म्हणून आपल्या मंडळीला संघाबाहेर का काढू नये, हे सांगायला त्यांना तीन मिनिटे मिळाली होती. तीस वर्षांच्या कामासाठी तीन मिनिटे. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचे संस्थापक रिक वॉरन यांनाही तेवढाच वेळ मिळाला. आमच्याशी सहमत व्हा असे मी म्हणत नाही, मतभेद ठेवून एकत्र काम करण्याची आपली जुनी रीत तेवढी पाळा, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. चिठ्ठ्यांवर मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी निकाल वाचून दाखवला गेला. सॅडलबॅकला बाहेर ठेवा म्हणणारी मते ९,४३७, नको म्हणणारी १,२१२. फर्न क्रीकच्या बाबतीत ९,७०० विरुद्ध ८०६.

स्त्रीने पाळक व्हावे, मंडळीने तिच्यावर हात ठेवून तिला दीक्षा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे येतील. पण या मताशी ज्यांचे जमत नाही त्यांनीही विचारावा असा एक प्रश्न या निकालात आहे. बॅप्टिस्ट पंथाचा सगळा डोलारा स्थानिक मंडळीच्या स्वायत्ततेवर उभा आहे. मग ती स्वायत्तता स्त्रीपाशी आली की का संपते, आणि इतर ठिकाणी अडसर म्हणून पुढे का केली जाते?

आपल्याकडच्या वाचकाला आधी ही रचना समजून घ्यावी लागेल. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात किंवा कॅथलिक धर्मप्रांतात बिशप असतो, तो धर्मगुरूंच्या नेमणुका करतो, बदल्या करतो. बॅप्टिस्टांमध्ये बिशप नाही. पाळक कोण असावा हे मंडळीचे सभासद मतदानाने ठरवतात, दीक्षा मंडळीच देते, इमारत मंडळीच्या नावावर असते. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन कुणालाही दीक्षा देत नाही आणि कुणाची काढूनही घेऊ शकत नाही. सुमारे ४७ हजार मंडळ्या मिशनरी पाठवण्यासाठी, सेमिनरी (धर्मशिक्षणाच्या संस्था) चालवण्यासाठी पैसे एकत्र करतात, तेवढ्यापुरता हा संघ. अधिवेशनाला येणाऱ्याला प्रतिनिधीसुद्धा म्हणत नाहीत, ‘मेसेंजर’ म्हणतात, कारण त्याने कसे मत द्यायचे हे त्याची मंडळीही त्याला सांगू शकत नाही. प्रत्येक मंडळीला दोन मेसेंजर, आणि देणगीच्या प्रमाणात जास्तीत जास्त बारा. स्वातंत्र्याची इतकी काळजी घेतलेला हा पंथ आहे.

संघाच्या हातात एकच दांडा आहे: अमुक मंडळी आता ‘मैत्रीपूर्ण सहकार्यात’ नाही, असे जाहीर करणे. कुणीही संकेतस्थळावरचा अर्ज भरून एखाद्या मंडळीविरुद्ध कळवू शकतो. अर्ज मंडळ्यांची पात्रता तपासणाऱ्या क्रेडेन्शियल्स कमिटीकडे जातो, ती मंडळीशी पत्रव्यवहार करते आणि कार्यकारी समितीला शिफारस करते. समितीने नाव कमी केले की मंडळीला पुढच्या अधिवेशनात अपील करता येते. पॉपहॅम यांची तीन मिनिटे म्हणजे हे अपील. सॅडलबॅकने मे २०२१ मध्ये तीन स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्त्री पाळक असलेल्या पाच मंडळ्यांची नावे एकाच बैठकीत कमी झाली, त्यात सॅडलबॅक आणि फर्न क्रीक होत्या. दोन वर्षेही लागली नाहीत.

आता दुसरी गोष्ट त्याच्याशेजारी ठेवून पाहू. लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेला पाळक एका गावातून निघून दुसऱ्या गावात नोकरी धरतो, नव्या मंडळीला त्याचा मागचा इतिहास कळत नाही. यावर उपाय म्हणून अशा माणसांची एक यादी ठेवावी, अशी मागणी २००७ च्या अधिवेशनात झाली. २००८ मध्ये कार्यकारी समितीने ती नाकारली. कारण काय दिले? स्थानिक मंडळ्यांची स्वायत्तता. पाळक नेमणे हा मंडळीचा अधिकार, त्यात संघ कसा पडणार? मे २०२२ मध्ये बाहेरच्या संस्थेने केलेल्या चौकशीचा अहवाल आला तेव्हा उघड झाले की समितीच्या कार्यालयात २००७ पासून अशी यादी तयार होत होती. तीत ७०३ नावे होती. मंडळ्यांना ती कधी दाखवली गेली नाही. त्याच वर्षी अनाहाइमच्या अधिवेशनात मेसेंजरांनी पीडितांची माफी मागितली आणि सार्वजनिक यादी करण्याचा ठराव केला. २०२५ च्या सुरुवातीला समितीच्या प्रमुखांनी सांगितले की यादी हा सध्या प्राधान्याचा विषय नाही. मागणीपासून अठरा वर्षे झाली होती.

न्यायाने हेही सांगायला हवे की २०१९ ते २०२१ च्या दरम्यान घटनेत दुरुस्ती झाली, अत्याचाराची प्रकरणे दडपणाऱ्या मंडळीला काढता येईल अशी तरतूद आली, आणि काही मंडळ्या त्याखाली काढल्या गेल्याही. म्हणजे स्वायत्ततेला मर्यादा घालता येते हे संघाला माहीत होते. मर्यादा घालायला कुठे पंधरा-अठरा वर्षे लागतात आणि कुठे दोन वर्षांत उरकते, हाच माझा मुद्दा आहे. ज्या समित्यांमध्ये आणि पदांवर स्त्रिया नगण्य होत्या, तिथे पीडित स्त्रियांची पत्रे कुठल्या फायलीत जातात हे त्या अहवालाची पाने उलटली की दिसते.

या मंडळ्यांचा इतिहास पाहिला तर स्त्रिया बाहेरून येऊन हक्क मागत आहेत हे चित्रच खोटे ठरते. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या या संघाच्या अधिवेशनाला १८८५ मध्ये आर्कन्सॉहून दोन स्त्रिया मेसेंजर म्हणून आल्या. त्यांना बसू द्यायचे का यावर वाद झाला आणि घटनेतला ‘सभासद’ हा शब्द काढून ‘बंधू’ हा शब्द घातला गेला. तो १९१८ पर्यंत टिकला. या मधल्या काळात संघाचे परदेशातले काम कुणी उचलून धरले? चीनच्या शांटुंग प्रांतात १८७३ पासून राहिलेल्या लॉटी मून या अविवाहित शिक्षिकेने घरी पत्रामागून पत्रे पाठवली: माणसे पाठवा, पैसे पाठवा. पिंगतू भागातल्या खेड्यात पुरुषही तिच्याकडे शिकायला येऊन बसत, पण बाप्तिस्मा द्यायचा तर पुरुष मिशनरी येईपर्यंत थांबावे लागे. १८८८ मध्ये स्त्रियांनी रिचमंडला स्वतःचा मिशनरी संघ काढला आणि त्या नाताळात २,००० डॉलरचे उद्दिष्ट ठेवून ३,३१५ डॉलर जमवले. तिघींना चीनला पाठवता येईल इतकी ती रक्कम होती. लॉटी मून १९१२ मध्ये २४ डिसेंबरला कोबे बंदरात जहाजावर वारल्या. आजही डिसेंबर आला की या मंडळ्यांच्या बाकांवर त्यांच्या नावाची दानाची पाकिटे ठेवली जातात, आणि अलीकडे वर्षाला वीस कोटी डॉलरच्या आसपास रक्कम त्यातून गोळा होते. पाकिटावर जिचे नाव आहे तिला त्या मंडळीत रविवारी सकाळी वचन सांगायला उभे केले असते का, हे प्रत्येक पाळकाने स्वतःला विचारून पाहावे.

पहिली दीक्षा १९६४ ची. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम इथल्या वॉट्स स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चने ऑगस्टमध्ये अ‍ॅडी डेव्हिस यांना दीक्षा दिली. दक्षिणेत एकाही मंडळीने त्यांना पाळक म्हणून बोलावले नाही, त्या उत्तरेला व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या मंडळीत गेल्या. १९७९ पासून संघाची सूत्रे कडव्या गटाकडे गेली. १९८४ च्या कॅन्सस सिटीच्या ठरावाने स्त्रियांना पाळकपद का नाही याचे कारण देताना म्हटले की सृष्टीत पुरुष आधी निर्माण झाला आणि एदेनातल्या पतनात स्त्री आधी पडली. १९९८ मध्ये पत्नीने पतीच्या अधीन राहावे हे कलम विश्वासनाम्यात, म्हणजे संघाच्या श्रद्धातत्त्वांच्या लेखी मसुद्यात, आले. २००० मध्ये पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित असल्याचे वाक्य आले. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याच वर्षी या संघाशी आयुष्यभराचे नाते तोडले. मंडळ्यांवर हा विश्वासनामा बंधनकारक नाही, असे तेव्हा वारंवार सांगितले गेले. २०२३ मध्ये त्याच वाक्यावर बोट ठेवून मंडळ्या काढल्या गेल्या.

विरोधकांचा सगळा भार बायबलमधल्या, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर आहे: स्त्रीने शिकवावे किंवा पुरुषावर अधिकार चालवावा याला पौल परवानगी देत नाही. त्यांचा युक्तिवाद हलक्यात घेण्यासारखा नाही. पौल तिथे लगेच आदाम-हव्वेचा दाखला देतो, म्हणून ही सूचना फक्त इफिसस शहरातल्या मंडळीच्या त्या काळापुरती नाही, असे ते म्हणतात. पण तिथे ‘अधिकार चालवणे’ यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे ते, ‘ऑथेन्टेइन’, नव्या करारात दुसरीकडे कुठेच येत नाही. अधिकारासाठी पौल एरवी जो शब्द वापरतो तो इथे त्याने वापरलेला नाही. दादागिरी करणे, बळकावणे अशा छटाही अभ्यासक त्यात पाहतात. करिंथकरांना लिहिताना अकराव्या अध्यायात तोच पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी डोके झाकावे असे सांगतो, म्हणजे त्या मंडळीत बोलत होत्या हे त्याने गृहीत धरले आहे. चौदाव्या अध्यायात मात्र स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे येते. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय एकाचाही अर्थ लागत नाही. रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात फिबी आहे. तिची पौल ज्या शब्दाने ओळख करून देतो तो शब्द, ‘दियाकोनोस’, तो स्वतःसाठी आणि आपल्या पुरुष सहकाऱ्यांसाठीही वापरतो. प्रिस्किल्ला अपुल्लोसाला, म्हणजे शास्त्रात प्रवीण असलेल्या वक्त्याला, नवऱ्याबरोबर बसून मार्ग अधिक नीट समजावून सांगते.

भाषांतर करणाऱ्याच्या हातात किती असते हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि पुस्तक त्यांच्यानंतर पूर्ण छापून आले. याच रमाबाई १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला होत्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली होती. मूळ भाषांतून शास्त्र उतरवण्याची ज्या बाईची तयारी, तिच्यासमोर पुरुष विद्यार्थी बसलेला चालत नाही, हा विचार अमेरिकेच्या दक्षिणेपुरता नाही आणि आजचाही नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे: आज स्त्री पाळक मान्य केली तर उद्या शास्त्राचा अधिकारच मान्य करणार नाही, उदारमतवादाची घसरगुंडी सुरू होईल. ही भीती अनेक साध्यासुध्या सभासदांना खरोखर वाटते, म्हणून तिला उदाहरणाने उत्तर द्यावे लागते. चर्च ऑफ द नाझरीन १९०८ मधल्या स्थापनेपासून स्त्रियांना दीक्षा देते. साल्व्हेशन आर्मीत स्त्रिया पहिल्यापासून अधिकारी आहेत. असेंब्लीज ऑफ गॉड १९३५ पासून स्त्रियांना पूर्ण दीक्षा देते आणि २०१८ मध्ये तिथे डॉना बॅरेट राष्ट्रीय सरचिटणीस झाल्या. यातली एकही संस्था उदारमतवादी नाही. बायबल, विवाह या विषयांवर त्यांची मते सदर्न बॅप्टिस्टांच्या जवळची आहेत. शंभर वर्षांत त्यांची घसरगुंडी झालेली नाही.

मग भांडण प्रत्यक्षात कशावरून होते? बहुतेक वेळा पाटीवरून, म्हणजे पदाच्या नावावरून. सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांमध्ये प्रमुख पाळक बाई असणे दुर्मीळच. बहुतेक ठिकाणी ‘बालसेवा पाळक’, ‘संगीत पाळक’, ‘महिला सेवा पाळक’ अशी पदे स्त्रियांकडे असतात. पाळक माइक लॉ यांनी सुचवलेली घटनादुरुस्ती या सगळ्यांवर होती: कोणत्याही प्रकारचा पाळक किंवा वडील (एल्डर, मंडळीचा ज्येष्ठ कारभारी) पुरुषच असेल, तरच मंडळी सहकार्यात. घटनादुरुस्तीला लागोपाठ दोन अधिवेशनांत दोन तृतीयांश मते लागतात. २०२३ मध्ये ती मिळाली. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला ६१.४५ टक्क्यांवर अडली. २०२५ मध्ये डॅलसला तशीच दुरुस्ती पुन्हा आली आणि ६०.७४ टक्क्यांवर थांबली. आफ्रिकन-अमेरिकन मंडळ्यांच्या संघटनेने यावर आधीच इशारा दिला होता. त्यांच्या परंपरेत पुरुष प्रमुख पाळकाच्या हाताखाली काम करणाऱ्या स्त्रीलाही पाळक म्हणतात, आणि हा नियम आला तर सगळ्यात मोठा फटका कृष्णवर्णीय मंडळ्यांना बसेल. दुरुस्ती पडली म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये. २०२४ मध्ये दुरुस्तीवरच्या मतदानाच्या आदल्याच दिवशी व्हर्जिनियातले फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च ऑफ अलेक्झांड्रिया ६,७५९ विरुद्ध ५६३ मतांनी काढले गेले. तिथे प्रमुख पाळक पुरुषच होता.

पाटी बदलल्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब. अमेरिकेच्या आयकर कायद्याच्या १०७ व्या कलमानुसार दीक्षित, परवानाधारक किंवा रीतसर नेमलेल्या धर्मसेवकाला पगारातला घरखर्चाचा भाग आयकरातून वगळता येतो. मंडळीने बाईंचे पद ‘पाळक’वरून ‘संचालिका’ केले आणि दीक्षा किंवा परवानाही दिला नाही, तर मुलांची तीच शिबिरे, तेच दवाखान्यातले भेटीगाठीचे काम, तेच अंत्यविधी करूनही ही सवलत तिला मिळत नाही. शेजारच्या खोलीतल्या ‘युवा पाळक’ पुरुषाला ती मिळते. पगारपत्रक तयार करताना पुष्कळ मंडळ्या पदनामाप्रमाणे श्रेणी लावतात, त्यामुळे फरक दर महिन्याला वाढत जातो. पाळकांच्या साप्ताहिक बैठकीला ‘संचालिका’ला बोलावणे येत नाही, आणि मुलांच्या वर्गांबद्दलचा निर्णय तिला बुधवारी ई-मेलवर कळतो.

ज्या मंडळीला स्त्री पाळक नेमायची आहे, तिने भावनेच्या भरात रविवारी घोषणा करू नये. आधी स्वतःची घटना आणि पोटनियम काढून वाचावेत. विश्वासनामा नाव आणि सालासकट स्वीकारला आहे का? ‘वेळोवेळी होणाऱ्या दुरुस्त्यांसह’ असे शब्द असतील तर पाळकपदाबद्दल २००० आणि २०२३ मध्ये बदललेली वाक्ये मंडळीने न विचारताच आत आलेली असतात. ते शब्द आधी काढावे लागतील. जमिनीच्या खरेदीखतात संघाबाहेर गेल्यास मालमत्ता परत करण्याची अट आहे का, इमारतीचे कर्ज बॅप्टिस्ट संस्थेचे आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. इथेच अनेक मंडळ्या अडकतात, कारण कागद पन्नास वर्षांपूर्वीचे असतात आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हेही ठाऊक नसते. मग सभासदांना पोटनियमांत असेल तेवढ्या दिवसांची लेखी सूचना, गणसंख्या मोजून गुप्त मतदान, इतिवृत्तावर सह्या. यातले काहीही चुकले तर नाराज गट पुढे सगळा ठरावच बेकायदा म्हणतो. आणखी एक: जिल्हा संघटना, राज्य संघ आणि राष्ट्रीय संघ या तीन वेगळ्या संस्था आहेत. एकीने काढले म्हणजे तिघींनी काढले असे होत नाही. टेक्सासच्या जुन्या बॅप्टिस्ट संघाने २००० चा विश्वासनामा घेतलाच नाही, तो १९६३ च्या मजकुरावर आहे.

‘पटत नसेल तर निघा’ असे या स्त्रियांना ऐकवले जाते. १९९१ मध्ये कोऑपरेटिव्ह बॅप्टिस्ट फेलोशिप हा वेगळा संघ स्थापन करून अनेक जण निघालेही, २०२१ मध्ये बेथ मूर यांच्यासारख्या लाखोंपर्यंत पोचलेल्या बायबल शिक्षिकाही निघाल्या. पण ज्या बाईच्या तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे एकाच हौदात झाले, जिच्या आईने नाताळची पाकिटे भरली, तिला तिच्याच घरातून निघ म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

पाळकपद पुरुषांचेच असे प्रामाणिकपणे मानणाऱ्या मंडळ्यांनाही मला काही सांगायचे आहे, आणि त्यासाठी त्यांना आपला विश्वास बदलण्याची गरज नाही. त्यांच्याच विश्वासनाम्याच्या शब्दांप्रमाणे मर्यादा एका पदाला आहे. खजिनदार, विश्वस्त, कर्मचारी समितीचे अध्यक्षपद, रविवारच्या शाळेचा अभ्यासक्रम ठरवणे, पाळक शोध समिती, यातल्या कशालाही शास्त्राची आडकाठी नाही. आडकाठी सवयीची आहे. म्हणून प्रत्येक मंडळीने आपल्या समित्यांची यादी काढून प्रत्येक नावापुढे लिहावे: इथे स्त्री का नाही? वचन सापडले तर वचन लिहावे, नाही तर ती जागा पुढच्या निवडणुकीत भरावी. कामाचे वर्णन आणि पगाराची श्रेणी कामावरून ठरवावी, पदनामावरून नको. आणि सगळ्यात आधी तक्रार कुठे जाते ते बदलावे. ज्या मंडळीत वडील सगळे पुरुष आणि तक्रार वडिलांकडेच करायची, तिथे पाळकाविरुद्धची तक्रार त्याच्याच मित्रांच्या टेबलावर पडते. तीन जणांचे तक्रार पथक नेमावे, त्यात किमान दोन स्त्रिया, एक व्यक्ती मंडळीबाहेरची, तिघांचेही दूरध्वनी क्रमांक प्रसाधनगृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले, म्हणजे वाचताना कुणी पाहणार नाही. गुन्ह्याचा आरोप असेल तर आधी पोलिसांना फोन, मग वडिलांना. पाळकपदाचा वाद अजून वीस वर्षे चालू राहिला, तरी हे पथक पुढच्या महिन्याच्या सभासद सभेत साध्या बहुमताने नेमता येते.